विश्लेषण : पिकअपमागचा जड ट्रेलर डोलू नये म्हणून... विमानवाल्या ग्लेन कर्टिसचे ‘पाचवे चाक’ नेमके काय करते?

दादर-परळ-लालबागमधल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही ‘ट्रेलर बस’बद्दल विचारून पाहा. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि मुंबईतली ट्राम संपली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६७ मध्ये, ‘बेस्ट’ने एक वेगळीच डबलडेकर रस्त्यावर आणली. पुढे ट्रकच्या तोंडासारखी चालकाची स्वतंत्र केबिन आणि तिच्या पाठीवर पुढचे टोक टेकवलेला दुमजली डबा. वळणावर आधी तोंड वळायचे, मग डबा. चालक एकटा पुढे, प्रवासी आणि कंडक्टर मागे.

त्या बसमध्ये तोंड आणि डबा जिथे जोडलेले असत, त्या जोडाचे नाव ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक. आज हाच जोड मुंबई बंदरातून पी. डिमेलो रस्त्याने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कंटेनर ट्रेलरवर आहे. अमेरिकेत तर लोक पिकअप ट्रकच्या हौद्यात हा जोड बसवतात आणि मागे अख्खे घर ओढत हजारो किलोमीटर फिरतात. जोड मागच्या बंपरवर न बसवता हौद्याच्या मध्यात, चाकांच्या वर का बसवायचा? घर ओढणारी गाडी डगमगू नये म्हणून. आणि ही युक्ती प्रवासी वाहनांत आणण्याचे श्रेय जाते एका विमानवाल्याकडे. ग्लेन हॅमंड कर्टिस हे त्याचे नाव.

पाचवे चाक म्हणजे काय?

आधी नावाचा खुलासा. मरीन ड्राइव्हवर, गिरगाव चौपाटीच्या बाजूला फिरणाऱ्या व्हिक्टोरिया आठवतात? उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या बेकायदा ठरवल्या. अशा घोडागाडीची पुढची दोन लहान चाके वळायची, कारण त्यांचा आस एका आडव्या गोल लोखंडी कड्यावर फिरायचा. गाडीला जमिनीवर चार चाके, आणि हे पाचवे आडवे, जमिनीला कधीच न टेकणारे. पाश्चात्त्य गाडी कारागिरांनी त्याला पाचवे चाक म्हटले आणि ते नाव मोटारींच्या काळातही टिकले.

आजच्या ट्रकवर चाक वगैरे काही दिसत नाही. ग्रीस लावलेली जाड पोलादी थाळी, तिच्यात मागच्या बाजूने खाच. ट्रेलरच्या पोटाखालून निघालेला खुंटा म्हणजे किंगपिन त्या खाचेत शिरतो आणि अडकतो. ट्रेलरच्या पुढच्या भागाचे वजन थाळीवर, वळण खुंट्याभोवती.

मालवाहू ट्रकांमध्ये असे ट्रेलर कर्टिसच्या आधीच आले होते. डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफने १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याची होडी फोर्ड मोटारीमागे नेण्यासाठी ट्रेलर बनवला, तिथून सेमीट्रेलरचा धंदा वाढला. त्यामुळे पाचवे चाक कर्टिसनेच शोधले असे कुठे वाचले तर ते थोडे सैल विधान समजा. त्याने केले ते वेगळे. माणसे झोपतील, चहा पितील असे हलके घर त्याने साध्या मोटारीच्या मागच्या ॲक्सलवर टेकवले. तिथपर्यंत तो कसा पोहोचला, हे समजायला त्याचे आयुष्य पाहावे लागते, कारण आयुष्यभर त्याने एकाच गोष्टीशी झुंज घेतली, ती म्हणजे तोल.

सायकलवाला, आठवीपर्यंत शिकलेला

कर्टिसचा जन्म २१ मे १८७८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंडस्पोर्ट या गावी झाला. क्यूका तलावाच्या टोकाला, द्राक्षांच्या मळ्यांत वसलेले हे छोटे गाव. वडील लहानपणीच गेले. धाकटी बहीण रुथा मेंदूज्वराने बहिरी झाली. तिला मूकबधिरांच्या शाळेत घालता यावे म्हणून घर रॉचेस्टर शहरात हलले. ग्लेनचे शिक्षण आठवीपर्यंतच. मग ईस्टमनच्या फोटोफिल्म कारखान्यात मजुरी, मग सायकलवरून तारा पोहोचवणारा पोऱ्या, मग सायकल शर्यती, मग सायकलचे दुकान. १८९८ मध्ये लीना नेफशी लग्न झाले, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता.

सायकलीला इंजिन लावायची खटपट १९०१ च्या सुमारास सुरू झाली. पहिल्या इंजिनाचा कार्ब्युरेटर त्याने टोमॅटोच्या डब्यापासून केला. (आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असला जुगाड केला असता तर व्हायवात काय झाले असते, याची कल्पना आहे.) पण इंजिने चांगली होती. हलकी आणि ताकदवान. हलके म्हणजे किती महत्त्वाचे, हे लवकरच आकाशात जाऊ पाहणाऱ्या लोकांच्या लक्षात आले. थॉमस बाल्डविन या फुगेवाल्याने १९०४ मध्ये आपल्या हवाई जहाजाला कर्टिसचे मोटरसायकल इंजिन बसवले.

२४ जानेवारी १९०७. फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचच्या घट्ट वाळूवर कर्टिस आपली आठ सिलिंडरची मोटरसायकल घेऊन उतरला. इंजिन ४० अश्वशक्तीचे, खरे तर विमानासाठी बनवलेले. त्या काळच्या सायकलसारख्या बारीक टायरांवर त्याने ताशी १३६.३६ मैल, म्हणजे जवळपास २१९ किलोमीटरचा वेग गाठला. मोटरसायकलचा हा वेग पुढे १९३० पर्यंत कुणाला मोडता आला नाही. नंतरच्या फेरीत चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा जोड तुटला आणि फ्रेम वाकली. गाडी त्याने पडू न देता थांबवली.

दुचाकीचा तोल हँडलपेक्षा अंगाने सांभाळला जातो, हे प्रत्येक बाइकवाल्याला ठाऊक असते. कर्टिसने तेच पुढे विमानात नेले.

विमानाचा तोल, खांद्याने

टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना उडायचे यंत्र करायचे होते आणि त्यासाठी इंजिनाचा माणूस हवा होता. ऑक्टोबर १९०७ मध्ये ‘एरियल एक्स्परिमेंट असोसिएशन’ स्थापन झाली. बेल, कर्टिस, केसी बाल्डविन, जे. ए. डी. मॅककर्डी आणि लष्करातला तरुण अधिकारी थॉमस सेल्फ्रिज असे पाच जण. पैसा बेल यांच्या पत्नी मेबल यांनी दिला. त्या स्वतः लहानपणापासून बहिऱ्या होत्या आणि बेल बहिऱ्यांचे शिक्षक. कर्टिसच्या घरातही बहिरी बहीण. विमानाच्या इतिहासात हा तपशील सहसा येत नाही.

त्यांचे पहिले विमान ‘रेड विंग’ मार्च १९०८ मध्ये बर्फावरून उडाले. दुसऱ्या उड्डाणात एका बाजूला कलले आणि आपटले. कारण साधे होते. आडवा तोल सावरायला त्यात काहीच सोय नव्हती. पुढच्या ‘व्हाइट विंग’मध्ये पंखांच्या टोकांना हलणारे छोटे पाते बसवले गेले. त्यालाच आज एलेरॉन म्हणतात. खिडकीजवळची जागा मिळाली तर विमान वळताना पंखाच्या कडेला पाहा, वरखाली होणारी फळी दिसेल. कर्टिसच्या विमानांत ही पाती हलवण्यासाठी चालकाच्या खांद्यांना एक कमानीसारखी चौकट जोडलेली असे. विमान डावीकडे कलले की चालक उजवीकडे झुकायचा आणि पाती त्याप्रमाणे हलायची. म्हणजे थेट मोटरसायकलची सवय.

त्यानंतरचे ‘जून बग’ हे विमान घेऊन कर्टिसने ४ जुलै १९०८ रोजी, आधी जाहीर करून, लोकांसमोर दीड किलोमीटरहून अधिक अंतर कापले. ‘सायंटिफिक अमेरिकन’चा करंडक त्याला मिळाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला सेल्फ्रिज ऑर्व्हिल राइटच्या विमानात प्रवासी म्हणून बसला होता. विमान कोसळले आणि सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमान अपघातात मरण पावलेला तो पहिला माणूस. पाचांतला एक वर्षभरातच कमी झाला. तोल जाणे म्हणजे काय, हे त्या चौघांना कागदावर शिकावे लागले नाही.

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधल्या रीम्स इथे गॉर्डन बेनेट करंडकाची शर्यत झाली. खाडी ओलांडून नुकताच जगप्रसिद्ध झालेला ब्लेरिओ यजमानांचा लाडका. कर्टिसने वीस किलोमीटरच्या शर्यतीत त्याला सहा सेकंदांहूनही कमी फरकाने हरवले. पुढच्या मे महिन्यात त्याने ऑल्बनी ते न्यूयॉर्क हे अंतर हडसन नदीच्या काठाने उडत पार केले आणि एका वृत्तपत्राचे १० हजार डॉलरचे बक्षीस जिंकले. वाटेत डोंगरांमधल्या वाऱ्याने विमान खाली ओढले होते.

राइट बंधूंशी भांडण

विमान तिरपे झाले तर सावरायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर राइट बंधूंनी आधीच शोधले होते. ते पंखच पिळायचे. त्यांचे पेटंट १९०६ चे. कर्टिसचे म्हणणे, आमची पाती वेगळी. राइटांचे म्हणणे, पंखाची एक बाजू उचलायची आणि दुसरी दाबायची ही कल्पनाच आमची, ती कशी अमलात आणली याने फरक पडत नाही. १९०९ मध्ये खटला सुरू झाला. विल्बर राइट १९१२ मध्ये टायफॉइडने गेला. जानेवारी १९१४ मध्ये वरच्या न्यायालयाने राइटांच्या बाजूने निकाल दिला.

कायदेशीर बाजू राइटांची भक्कम होती, हे मान्य करायला हवे. पण आज आपण बसतो त्या विमानाचे पंख पिळले जात नाहीत. त्यांना एलेरॉन असतात.

१९१४ मध्ये कर्टिसने जे केले ते मात्र त्याच्या चाहत्यांनाही सावरून घेणे अवघड आहे. सॅम्युअल लँगली यांचे विमान १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत पडले होते. स्मिथसोनियन संस्थेसाठी कर्टिसने ते दुरुस्त केले आणि क्यूका तलावावर उडवून दाखवले. दुरुस्ती करताना त्यात बरेच बदल केले गेले. पण संस्थेने ते राइटांच्या आधीचे उडण्यास समर्थ विमान म्हणून मिरवले. संतापलेल्या ऑर्व्हिलने आपले मूळ विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवून दिले. स्मिथसोनियनने १९४२ मध्ये चूक कबूल केली आणि ते विमान १९४८ मध्ये, ऑर्व्हिलच्या मृत्यूनंतर, अमेरिकेत परतले.

खटल्याचा तिढा १९१७ मध्ये महायुद्धाने सोडवला. विमाने हवी होती, म्हणून कारखानदारांचा पेटंट-संघ झाला. तोवर कर्टिस पाण्यावरही पोहोचला होता. २६ जानेवारी १९११ रोजी सॅन दिएगोत त्याने पाण्यावरून उडून पाण्यावर उतरणारे विमान चालवले, पुढे होडीच्या आकाराचे विमान केले. त्याच्या कारखान्याची ‘जेनी’ विमाने युद्धात हजारोंनी बनली. १९१९ मध्ये त्याचे एनसी-४ अटलांटिक ओलांडणारे पहिले विमान ठरले, थांबत थांबत का होईना.

फ्लोरिडात घर मोटारीमागे

युद्धानंतर कर्टिस धंद्यातून हळूहळू बाजूला झाला आणि फ्लोरिडात जमिनी घेऊन गावे वसवू लागला. हायलीया, मायामी स्प्रिंग्ज आणि ओपा-लोका. शेवटच्या गावात ‘अरेबियन नाइट्स’ची हौस, घुमट-मिनारांच्या इमारती आणि चक्क अलीबाबा नावाचा रस्ता.

शिकारीला आणि भटकंतीला जायची त्याला आवड होती. जाताना राहायची सोय सोबत हवी. त्यातून ‘एरोकार’ आली आणि १९२८ मध्ये ओपा-लोकात तिची कंपनी निघाली, सावत्र भाऊ कार्ल ॲडम्स सोबतीला. दिसायला ती विमानाचे धडच. हलक्या लाकडाची चौकट, आत ताणलेल्या तारा, वर हलके आवरण. खाली फक्त दोन चाके. पुढचे निमुळते नाक मोटारीच्या पाठीवर टेकलेले.

त्याचा जोड पाहण्यासारखा होता. मोटारीच्या मागच्या भागात, ॲक्सलजवळ, विमानाचे हवा भरलेले चाक आडवे बसवलेले. एरोकारच्या नाकातून खाली आलेला खुंटा त्या चाकाच्या तुंब्यात शिरायचा. म्हणजे हे अक्षरशः पाचवे चाक. रस्त्याचे धक्के त्या टायरमध्ये विरायचे, मोटार आणि घर एकमेकांना हिसके देत नसत.

जोड पुढे सरकवल्याने काय बदलते?

आता थोडे गणित. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात तेवढेच, घाबरू नका. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत.

पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर ३.६ मीटर धरू. मागे ४ हजार किलोचा ट्रेलर आहे.

पहिला प्रकार म्हणजे बंपरखालचा गोळा. तो मागच्या ॲक्सलच्या साधारण १.३ मीटर मागे असतो. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार त्यावर यावा असा प्रघात आहे. १२ टक्के धरले तर ४८० किलो. हा भार ॲक्सलच्या मागे असल्याने ट्रकचा सी-सॉ होतो. मागे ४८० दाबले की पुढून १७३ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ६५३ पडतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी.

दुसरा प्रकार पाचव्या चाकाचा. खुंटा मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, समजा १० सेंटीमीटर. इथे भार जास्त द्यावा लागतो, १५ ते २५ टक्के. २० टक्के धरले तर ८०० किलो. पण त्यातले सुमारे २२ किलो पुढच्या चाकांवर जातात आणि बाकीचे मागच्या. भार जवळपास पावणेदोन पट, तरीही पुढची चाके हलकी होण्याऐवजी थोडी जडच होतात.

खरी गंमत आडव्या ढकलीत आहे. शेजारून बस गेली आणि वाऱ्याने ट्रेलरला १०० किलोची आडवी ढकल दिली, ती जोडातून ट्रकवर आली. गोळा मागे असेल तर ती ढकल पिकअपची शेपूट धरून ओढल्यासारखी लागते. तिला तोंड देताना पुढच्या चाकांवर ३६ किलो आडवे येतात आणि चालकाने न वळवता नाक वळू पाहते. चालक उलट वळवतो, तोवर ट्रेलर दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. असे दोन-तीन झोके झाले आणि वेग जास्त असेल, तर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. अमेरिकेत याला ट्रेलरचा ‘स्वे’ म्हणतात. महामार्गावर उलटलेल्या घरांचे व्हिडिओ पाहिले असतील, ते बहुतेक वेळा असेच उलटतात.

पाचव्या चाकात तीच ढकल मागच्या ॲक्सलवरच येते. १०० पैकी ९७ मागची चाके सरळ पेलतात आणि पुढच्यांना ३ किलो उरतात. ट्रक बाजूला सरकायचा प्रयत्न करेल, पण वळणार नाही. शेपूट धरून ओढायला शेपूटच उरत नाही.

विमानाचा तोल सावरायला कर्टिसने पाती पंखाच्या टोकाला नेली, कारण तिथून थोड्या जोरात विमान सहज फिरते. मोटारीत त्याने उलट केले. जोर लागेल ती जागा ॲक्सलजवळ आणली, जेणेकरून जोर लागला तरी गाडी फिरणार नाही. अंतर गुणिले बल हे सूत्र एकच, फक्त एकदा वाढवायचे आणि एकदा शून्याकडे न्यायचे. त्याने हे सूत्र मांडून केले की अंदाजाने, कोण जाणे. आठवी शिकलेल्या माणसाने केले, एवढे खरे.

मग पाचवे चाक लावले की झाले?

नाही. पहिली अडचण हौद्याच्या भाराची. पिकअपची क्षमता १,२०० किलो असेल, तर ८०० किलोचा खुंटा, ८० किलोची थाळी आणि चार माणसांचे ३०० किलो मिळून १,१८० झाले. सामानाला २० किलो उरले. ओढण्याची क्षमता जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, पण आधी संपते ती ही क्षमता. मागची बाजू बसू नये म्हणून लोक हवेच्या पिशव्या बसवतात. त्यांनी गाडी समपातळीत येते, दिसतेही बरी, पण ॲक्सल आणि टायर पेलतील त्यापेक्षा एक किलोही जास्त पेलला जात नाही. मागे जोडचाके असलेल्या पिकअपला इथे खरा फायदा आहे. टायरमध्ये भाराला योग्य हवा हवी. मऊ टायरची कूस लवली की ट्रक त्यावर डुलतो आणि चालकाला वाटते ट्रेलर डुलतोय.

दुसरी गोष्ट ट्रेलरमधल्या सामानाची. पाण्याची टाकी, जनरेटर, सायकली मागच्या टोकाला टाकल्या की खुंट्यावरचा भार घटतो आणि ट्रेलर लंबकासारखा वागतो. जड सामान खाली आणि चाकांच्या पुढे. ट्रेलर रस्त्याला समांतर असावा. नाक वर राहिले तर दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये मागच्याच ॲक्सलवर जास्त भार येतो.

हौदा आखूड असेल तर काटकोनी वळणात ट्रेलरचे नाक केबिनच्या काचेला भिडू शकते. त्यासाठी मागे सरकणारी थाळी मिळते. हळू वेगात, जागा लावताना ती मागे घ्यायची आणि रस्त्याला लागण्याआधी पुढे आणून कुलूप लावायचे. मागे राहिली तर ज्या कारणासाठी पाचवे चाक लावले, तेच कारण गेले.

आणि झोका आलाच तर? स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायची सोय असेल तर ते हलके लावा. वेग वाढवून झोका मोडायचा प्रयत्न करू नका.

हे वाचून लालबाग-परळच्या मंडळांतले कार्यकर्ते विचारतील, आमच्या ट्रॉलीला हे लागू आहे का? अर्धेच. भायखळा, नागपाडा, ऑपेरा हाऊसमार्गे चौपाटीला जाणारी ट्रॉली माणसाच्या चालीने जाते, त्या वेगाला झोका वाढत नाही. तिथे धोका उंच मूर्तीच्या गुरुत्वमध्याचा आणि खड्ड्याचा आहे. पण वळण्यापुरते पाहिले तर ट्रॉलीचा पुढचा आस ज्या चकतीवर फिरतो, ती व्हिक्टोरियाच्याच पाचव्या चाकाची नातलग.

शेवट, आणि बॅलार्ड इस्टेट

जुलै १९२९ मध्ये कर्टिस आणि राइट या दोन नावांच्या कंपन्या एकत्र होऊन ‘कर्टिस-राइट’ झाली. वीस वर्षांच्या भांडणानंतर नावे अशी एका जोडरेषेने बांधली गेली. पुढच्याच वर्षी कर्टिस रॉचेस्टरच्या न्यायालयात होता, जुना भागीदार ऑगस्टस हेरिंगने लावलेल्या खटल्यासाठी. तिथे त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने २३ जुलै १९३० रोजी बफेलोत त्याचा मृत्यू झाला. वय ५२. हॅमंडस्पोर्टला त्याला पुरले. इतक्या वेळा वेगात, हवेत आणि पाण्यावर जीव धोक्यात घातलेला माणूस कोर्टाच्या तारखेला गेला आणि परत आला नाही.

मुंबईशी त्याचा धागा मृत्यूनंतर जुळला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांचा कारभार बॅलार्ड इस्टेटच्या कन्स्ट्रक्शन हाऊसमधून चाले, १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना प्रशांत महासागरावरच्या क्लिपर विमानात होते. क्लिपर म्हणजे पाण्यावर उतरणारे विमान. तिथे त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी पडली. भारतात विमान कारखाना काढायचा विचार तिथून पुढे सरकला आणि डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ उभी राहिली. आजची ‘एचएएल’ तिचीच पुढची अवस्था. वालचंदांनी काही वर्षांतच कुर्ल्याला प्रीमियरचा मोटार कारखानाही काढला.

बेंगळुरूच्या कारखान्यातून आधी हार्लो ही प्रशिक्षण विमाने बाहेर पडली. त्यानंतर १९४२ मध्ये एक लढाऊ विमान जुळवून उडवले गेले. त्याचे नाव होते कर्टिस हॉक, आणि त्याच्या पंखांच्या कडेला अर्थातच एलेरॉन होते.